गार्बेज कलेक्टर

शनिवारी सकाळी साडेसातला दाराची बेल वाजली की ती कचऱ्याची. इतर दिवशी मी त्या वेळी आंघोळीत असतो, त्यामुळे आमच्या घरच्या कचऱ्याची आणि माझी गाठ फक्त शनिवार-रविवारी पडते. दीड वर्षापूर्वीच्या एका शनिवारी अशीच बेल वाजली, दार उघडलं, तर मावशींच्या उजव्या हाताला पांढरंशुभ्र बँडेज.

"काय झालं मावशी?"

"काही नाही दादा, काच लागली. चार टाके पडले."

"कुठे?"

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "इथंच, खाली. गुरुवारी. काळ्या पिशवीत होती कुणाच्या तरी."

बुधवारी रात्री आमच्याकडे एक ग्लास फुटला होता. काचा मीच गोळा केल्या, मीच त्या डब्यातल्या काळ्या पिशवीत टाकल्या. वर उरलेली आमटी आणि कलिंगडाची सालं. पिशवीला गाठ मारून दारात ठेवली आणि विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला.

त्या दिवशी मी त्यांना काही बोललो नाही. "काळजी घ्या" असं काहीतरी पुटपुटून दार लावून घेतलं. ह्यातला विनोद असा की त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात 'ग्रीन वीक' साजरा झाला होता आणि त्याच्या स्वयंसेवकांत माझं नाव होतं. बांबूचे टूथब्रश वाटले, स्टीलच्या स्ट्रॉ वाटल्या, 'पृथ्वी वाचवा' लिहिलेल्या कापडी पिशव्या वाटल्या (प्रत्येक कापडी पिशवी स्वतंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आली होती, तो भाग वेगळा). सगळ्यांना ई-मेल मीच पाठवली होती.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात फिरतेय, ती आज लिहून टाकतो. आपण 'पर्यावरण' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर फार लांबचं काहीतरी येतं. ध्रुवावरचं अस्वल, ॲमेझॉनचं जंगल, वितळणारे हिमनग. ते सगळं खरं आहे. पण आपल्या दारापासून सगळ्यात जवळ असलेलं पर्यावरण म्हणजे आपली पिशवी उघडणारा हात. आणि माझं म्हणणं असं आहे की कमी कचऱ्याचं, साधं जगणं जगायचं असेल तर सुरुवात खरेदीपासून न करता त्या हातापासून करायला हवी.

आता थोडं आमच्या धंद्याविषयी.

आमच्याकडे 'गार्बेज कलेक्टर' नावाची एक चीज असते. ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध एक्सेल शीटपुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्राम चालायला मेमरी लागते. सी भाषेत ती तुम्ही स्वतः मागून घ्यायची आणि काम झालं की स्वतः परत करायची. विसरलात तर ती अडकून राहते, आणि अशा विसरभोळेपणातून हळूहळू अख्खा प्रोग्राम गुदमरतो. जावामध्ये ही कटकट नाही. हवी तेवढी मेमरी मागा, वापरा, सोडून द्या. मागून एक गार्बेज कलेक्टर फिरत असतो, तो उचलून नेतो. कल्पना जुनी आहे. जॉन मॅकार्थी ह्यांनी १९५९ च्या सुमारास ती लिस्प भाषेसाठी काढली, आणि १९९५ साली आलेल्या जावामुळे ती सगळीकडे पसरली. माझ्या पिढीच्या कितीतरी प्रोग्रामरांनी आयुष्यात एकदाही मेमरी स्वतःच्या हाताने परत केलेली नाही. तशी गरजच पडली नाही.

ह्या कलेक्टरची कचऱ्याची व्याख्या मोठी मजेदार आहे. वस्तू खराब झाली म्हणून तो तिला कचरा म्हणत नाही. तिच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलं नाही की ती कचरा! आपल्या घरातही हेच होतं. दुधाची पिशवी, वर्तमानपत्र, शॅम्पूची बाटली ह्यांत 'खराब' असं काही नसतं. गाठ मारून दाराबाहेर ठेवली की त्यांच्याकडे आपण बोट दाखवायचं थांबवतो, एवढंच.

तर आपण सगळे शहरात जावाच्या भरवशावर राहतो. मागा, वापरा, सोडा, मागून कुणीतरी येईल. फरक इतकाच की जावाच्या कलेक्टरला हात नसतात, त्यामुळे टाके पडत नाहीत.

त्यातल्या साध्या कलेक्टरांची एक खोड असते. मेमरी भरत आली की ते सगळा प्रोग्राम जागच्या जागी थांबवतात. आधी सफाई, मग बाकीचं. ह्याला आमच्याकडे 'स्टॉप द वर्ल्ड' म्हणतात. मुंबईचं 'स्टॉप द वर्ल्ड' २६ जुलै २००५ ला झालं. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा कुलाब्यात जेमतेम ७४. विहार आणि पवई तलावांचं जास्तीचं पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी त्या दिवशी आपल्याला नव्याने भेटली. तोपर्यंत वांद्र्यातल्या अर्ध्या लोकांना ती नदी आहे हेच माहीत नव्हतं, नाला समजत होते. सगळा दोष प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा नव्हता. नदीचं पात्र अरुंद झालं होतं, तिच्या काठच्या दलदलीत भर घातली गेली होती (आमचं बीकेसी त्याच भरावावर उभं आहे), वर भरतीची वेळ. पण तुंबलेल्या गटारांतून लोकांनी आणि पालिकेने जे उपसलं त्यात पिशव्याच पिशव्या होत्या. त्यानंतर २००६ च्या नियमांनी राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ ला राज्याची मोठी प्लॅस्टिकबंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. आणि भाजीच्या गाडीवर पातळ पिशवी अजूनही मिळते. फक्त आता ती मागावी लागते, आणि भाजीवाला इकडेतिकडे बघून गाडीखालून काढून देतो. मागणारे आपणच.

बंदी वाईट असं मी म्हणत नाही. ती हवीच. पण बंदीचा कागद मंत्रालयात निघतो आणि कचरा आपल्या सिंकखालच्या डब्यात निघतो. ह्या दोन ठिकाणांमध्ये बरंच अंतर आहे.

त्या डब्यातून पुढे काय होतं? मुंबईत रोज सहा हजार टनांच्या वर कचरा निघतो. गोराईचं डम्पिंग ग्राउंड मागेच बंद झालं, मुलुंडचं २०१८ साली. आता बहुतेक गाड्या कांजूरमार्गला जातात. देवनारचं मैदान १९२७ पासूनचं. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळापासूनचा कचरा तिथे थरावर थर रचलेला आहे. तो जुना ढीग हलवण्यासाठी पालिकेने २०२५ साली निविदा काढली तेव्हा त्याचा अंदाज सुमारे १८५ लाख टन असा दिला होता. जानेवारी २०१६ मध्ये ह्या ढिगाला आग लागली. धूर इतका की तो उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आणि आसपासच्या पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दोन महिन्यांनी पुन्हा आग. अशी आग इतकी भडकते आणि धुमसत राहते ह्याचं एक मोठं कारण आपल्या ओट्यावर आहे. भाजीची देठं, उरलेला भात, सालं हे सगळं उघड्यावर, हवेत कुजलं तर त्याचं खत होतं. तेच प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून दहा मीटर ढिगाखाली दाबलं की हवेविना कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. मिथेन म्हणजे जळणारा वायू. आपण आमटीतून गॅस बनवतो आणि तो चेंबूर-गोवंडीच्या लोकांच्या उशाशी नेऊन ठेवतो.

इथे आमच्या धंद्यातला दुसरा नियम लागू होतो. चूक जितकी उशिरा पकडाल तितकी ती महाग पडते. कोड लिहितानाच सापडली तर दोन मिनिटं. टेस्टिंगमध्ये सापडली तर दोन तास. ग्राहकाकडे सापडली तर दोन रात्री आणि एक माफीनामा. कचऱ्याचं अगदी तसंच आहे. ओट्यापाशी केळ्याचं साल एका डब्यात आणि कागद दुसऱ्यात टाकायला किती वेळ लागतो? शून्य. तेच दोन्ही एका पिशवीत गेले की जिन्याखाली मावशींना हात घालून वेगळे करावे लागतात. तोवर कागद आमटीत भिजलेला असतो, आणि भिजलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. म्हणजे आपण नुसतं घाण करत नाही, एका माणसाचे चार पैसेही बुडवतो. गाडीत गेल्यावर ते वेगळं करायला यंत्रं लागतात. आणि ढिगात गेल्यावर ब्रह्मदेवही वेगळं करू शकत नाही.

ओला-सुका वेगळा करा हे सरकार २००० सालच्या नियमांपासून सांगतंय. २०१६ च्या नियमांनी तर ही जबाबदारी थेट कचरा करणाऱ्यावर टाकली: ओला, सुका आणि घरातला घातक असे तीन भाग. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असं मुंबई पालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून बजावलं. पण नियम माहीत नाही म्हणून कुणी कचरा एकत्र करत नाही. आपण एकत्र करतो कारण त्याचा त्रास आपल्याला होत नाही. दुसऱ्या कुणाला तरी होतो.

तो दुसरा कुणी तरी फार लांब नसतो. कलानगरहून सायनकडे जाणाऱ्या लिंक रोडने मिठीचा पूल ओलांडला की धारावी. मी वांद्रे पूर्वेला वाढलो, पण तिथल्या तेरा कंपाऊंडमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं ते मावशींच्या प्रकरणानंतर, एका मित्राच्या ओळखीने. पश्चिमेच्या कॅफेंमधले डबे, बीकेसीतल्या ऑफिसांच्या बाटल्या, आमच्याकडचे शॅम्पू असं सगळं तिथे येतं. रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे निवडतात, तुकडे करतात, धुतात, वाळवतात, वितळवून दाणे बनवतात. एक बाई हातात डबा घेऊन नुसत्या स्पर्शाने सांगत होती की हे कोणतं प्लॅस्टिक. आम्ही ज्याला 'क्लासिफायर' म्हणून सहा महिने ट्रेनिंग देतो, तेच! आपल्याकडचं प्लॅस्टिक 'रिसायकल होतं' असं आपण अभिमानाने म्हणतो, ते ह्या लोकांच्या फुप्फुसांच्या जोरावर. ते काम सोपं करणं आपल्या हातात आहे: डबा विसळून, कोरडा करून, वेगळा द्या. बस्स.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, पण हे प्रत्यक्षात होतं का कुठे? होतं. आणि बहुतेक वेळा ते गल्लीच्या मापाचं असतं. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९६-९७ च्या सुमारास आपली गल्ली आपणच बघायची असं ठरवलं, ओला-सुका वेगळा करायला घेतला, आणि त्या प्रयोगातून पालिकेची एएलएम योजना उभी राहिली. एक गल्ली, तिची एक समिती आणि पालिकेच्या वॉर्डाशी थेट संवाद. नंतर ती शहरभर पसरली, वांद्र्यातही रुजली.

स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ च्या सुमारास 'परिसर विकास' सुरू केला. १९७५ पासून बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी ही संघटना कचऱ्याकडे वळली ती कचरा वेचणाऱ्या बाईकडे बघून. तिला ओळखपत्र, प्रशिक्षण, बचत गट, आणि नाव दिलं 'परिसर भगिनी'. ह्या बायका नुसत्या वेचत नाहीत, खताचे खड्डे आणि बायोगॅसचे प्रकल्प चालवतात. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे ह्यांनी विकसित केलेला 'निसर्गऋण' प्रकल्पही त्यांच्या हाताखाली चालला. त्यात ओला कचरा आधी वाटून हवेच्या सान्निध्यात, उष्णतेत पचवतात, मग बंद टाकीत त्याचा गॅस होतो. म्हणजे देवनारला जो मिथेन आग लावतो, तोच इथे चुलीखाली येतो. मात्र एक अट आहे: त्यात प्लॅस्टिक जाता कामा नये. पुन्हा गाडी आपल्या ओट्यापाशी येऊन थांबली.

आणि मुंबई पोर्ट ट्रस्टची गोष्ट. तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज हजारो कर्मचाऱ्यांचं जेवण बनायचं. त्याची जबाबदारी असलेल्या प्रीती पाटील ह्यांनी २००२ च्या सुमारास उरल्यासुरल्या भाजीपाल्याचं गच्चीवरच खत करून बाग उभी केली. मार्ग श्री. अ. दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवारा'चा. आमच्या वांद्र्यात डॉ. आर. टी. दोशी त्याआधीपासून आपल्या गच्चीवर भाजी पिकवत होते. म्हणजे आपण आज 'अर्बन फार्मिंग'चा जो कोर्स पैसे भरून करतो, त्याचे गुरुजी इथेच दोन गल्ल्या सोडून होते.

आता आमच्या इमारतीची गोष्ट. फार थोर नाही, आधीच सांगतो.

चोवीस घरं. मोठ्या सोसायट्यांच्या नियमात आम्ही बसत नव्हतो, त्यामुळे सक्ती नव्हती. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. सेक्रेटरी काका म्हणाले, "चांगली कल्पना आहे. तू बघ." (मराठी माणसाच्या सोसायटीत 'चांगली कल्पना आहे, तू बघ' ह्याचा अर्थ काय होतो हे जाणकारांस सांगणे न लगे.) दोन मोठे भोकांचे ड्रम आणले, ऑनलाइन कोकोपीट मागवलं, कसलंसं कल्चर मागवलं, प्रत्येक मजल्यावर रंगीत चार्ट लावले. माझा प्रोजेक्ट प्लॅन एकदम झकास होता.

तिसऱ्या आठवड्यात ड्रममधून काळं पाणी गळायला लागलं. चिलटं झाली. वास पहिल्या मजल्यापर्यंत पोचला. अकरा घरं वेगळं करून देत होती, ती सहावर आली. मीटिंग बोलावली गेली, आणि त्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, आता गुंडाळा.

काकू म्हणाल्या, "अहो, नुसतं ओलं ओलं टाकलंत तर सडणार नाही तर काय होणार? पाला घाला, पाला. आमच्याकडे परसातल्या खड्ड्यात एक थर ह्याचा, एक थर त्याचा असायचा."

आमच्या आवारात एक आंबा आहे आणि एक बदाम. त्यांचा पाला रोज झाडून, पोत्यात भरून, पालिकेच्या गाडीत जात होता, आणि मी पैसे देऊन नारळाचा भुसा मागवत होतो! शास्त्र नंतर वाचलं. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, सुक्या पाल्यात कार्बन जास्त. दोन्ही मिसळले की मधे हवा खेळते, पाणी शोषलं जातं आणि वास मरतो. एक डबा ओला, एक डबा पाला. काकूंना ना नायट्रोजन माहीत होता ना कार्बन, पण प्रमाण माहीत होतं. दीड-दोन महिन्यांत पहिलं खत निघालं. मातीचा पहिल्या पावसात येतो तसा वास. आज चोवीसपैकी एकोणीस घरं देतात. उरलेली पाच देत नाहीत, त्यांच्याशी माझे संबंध चांगले आहेत आणि मी आशा सोडलेली नाही.

पहिलं खत कुंड्यांत घालताना मावशी शेजारी होत्या. तेव्हा एकदाचं सांगून टाकलं. "मावशी, ती काच आमच्याकडची होती."

"माहीत आहे दादा. तुमच्या दारातनं पिशवी मीच उचलली ना."

मला काही सुचेना. त्याच पुढे म्हणाल्या, "काच टाकू नका असं मी म्हणत नाही. काच फुटणारच. पेपरात बांधा आणि वर पेनाने लिहा, 'काच' म्हणून. आम्हाला वाचता येतं."

एवढी साधी गोष्ट मला कुठल्याही ग्रीन वीकने सांगितली नव्हती. मुख्य म्हणजे त्यांना विचारावं हेच मला सुचलं नव्हतं. पुण्यात 'स्वच्छ' ह्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१७ साली हेच केलं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही. कुठून सुचलं असेल? ज्यांना ते उघडावं लागत होतं त्यांच्याकडूनच.

आता दोन आक्षेप. दोन्ही मी स्वतःच घेत होतो, त्यामुळे चांगले पाठ आहेत.

पहिला: 'आपण वेगळं करतो, गाडीवाला सगळं एकत्रच टाकतो.' कधी कधी खरं असतं, मीही पाहिलंय. म्हणूनच ओला कचरा गेटच्या आतच संपवायचा. जे गाडीत गेलंच नाही ते गाडीवाला एकत्र कसं करणार? आणि सुका थेट वेचणाऱ्या बाईच्या किंवा भंगारवाल्याच्या हातात द्यायचा. व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल, तिच्यासाठी वॉर्ड ऑफिसात तक्रारही करत राहायची, पण तोवर आपली दोन पावलं आपल्याला टाकता येतात.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: 'ह्याने काय होणार?' चला, हिशोब करू. आमच्या इमारतीतून दिवसाला साधारण १२ किलो ओला कचरा ड्रममध्ये जातो. वर्षाचे झाले साडेचार टनांच्या आसपास. मुंबईचा रोजचा सहा हजार टन धरला तर मिनिटाला चार टन पडतात. म्हणजे एकोणीस घरं वर्षभर खपून आम्ही मुंबईचा फार तर एका मिनिटाचा कचरा वाचवला. एक मिनिट! हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी चांगलाच खट्टू झालो होतो.

पण मग लक्षात आलं की भागाकार चुकीचा केलाय. पृथ्वीने भागलं तर माझं काहीही शून्यच येणार. मावशींनी भागून बघा. त्या रोज चोवीस घरांच्या मिसळलेल्या पिशव्या उघडत होत्या, आता पाच घरांच्या उघडतात. गेल्या वर्षभरात त्यांना काच लागलेली नाही. सुका कचरा कोरडा मिळतो म्हणून भंगाराचे पैसे बरे येतात. हा फरक एका मिनिटाचा नाही, त्यांच्या रोजच्या कामाचा आहे. पृथ्वीचं जे काही व्हायचं ते चांगलंच होईल ह्याने, वाईट नक्की होणार नाही. पण ते व्याज. मुद्दल हे आहे.

आणि हो, ह्यातलं काहीही नवीन नाही. आपल्या आया दुधाच्या पिशव्या धुवून ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवायच्या, रद्दी वजनावर द्यायच्या, बोहारणीशी साडीवरून घासाघीस करायच्या. आपण हसलो त्यांना. त्याला आपण चिक्कूपणा म्हणालो, आणि आता त्याच गोष्टी इंग्रजीतून शिकून घेतोय, वर कापडी पिशवीचे पाचशे रुपये मोजतोय. अर्थात त्या बायकांवर हे काम एकट्याने पडायचं, ते मात्र जुनं नको. डबा विसळणं आणि पाला टाकणं ह्याला बाईचाच हात लागतो असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. आमच्या ड्रममध्ये काठी फिरवायची पाळी शनिवारी माझी असते.

तर मंडळी, टूथब्रश बांबूचा घ्या किंवा नका घेऊ. दोन डबे मात्र ठेवा. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, तो इवलासा तुकडा कुणालाच वेचता येत नाही. ओल्या कचऱ्याला पिशवी नको, डबाच द्या आणि धुवून घ्या. तुमच्या दारात कचरा घ्यायला जे कुणी येतं त्यांना नावाने ओळखा, आणि एकदा विचारा की तुमचं काम सोपं होण्यासाठी मी काय करू. उत्तर ऐकून थक्क व्हाल, इतकं ते साधं असतं.

बघा पटतंय का. नाही पटलं तरी हरकत नाही, पण काच तेवढी पेपरात बांधा. आणि वर लिहा.